माय चालायची तेव्हा

आमच्या शहरात थंडी एका दिवसात येत नाही. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की ती आधी टाकीच्या पाण्यात शिरते. मग एखाद्या पहाटे फरशीवर पाय टेकवताना कळतं, की ही रात्रीच घरात मुक्कामाला आलेली आहे. गोगाबाबाच्या टेकडीकडं फिरायला जाणाऱ्यांच्या डोक्यावर कानटोप्या चढतात. फुलंब्रीच्या रस्त्यावर शेताशेताला हुरड्याचे फलक लागतात आणि शहरातली माणसं गाड्या काढून हुरडा खायला जातात. आम्ही ज्याला नुसतं 'रानात चाललो' म्हणायचो, त्याला आता तिकीट आहे.

परवा अशाच एका गार सकाळी बेल वाजली. दारात शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली. एकीचं नाक थंडीनं लाल झालेलं, दुसरीनं स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.

"काकू, आमच्या शाळेत शनिवारी आरोग्य मेळावा आहे. बीपी, शुगर, डोळे, सगळं तपासणार. तुम्ही या."

"आणि चालण्याची स्पर्धा पण आहे," दुसरी घाईनं म्हणाली. "तुमच्या वयाचा वेगळा गट आहे. फार बायका येत नाहीयेत हो. तुम्ही तरी या ना."

मी दार धरून उभीच राहिले. त्यांना वाटलं, मी नाही म्हणणार. मला त्यांना खूप काही विचारायचं होतं. वजनकाटा कुठून आणलाय? डॉक्टर बाई आहे की बुवा? आणि तुमच्यापैकी कुणाची आई येणार आहे? पण मी एवढंच म्हणाले, "आत या, पाणी घ्या." त्या आल्या नाहीत. त्यांना अजून पुष्कळ घरं फिरायची होती. जिना उतरताना त्यांच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला आणि मी नववीत जाऊन पोचले.

पिशोरला, माझ्या गावी, थंडी अंजना नदीवरून यायची. सकाळी नदीच्या अंगाला पांढरं धुकं बसलेलं असायचं आणि त्यातून बैलांच्या घुंगरांचा आवाज आधी यायचा, बैल मागून दिसायचे. कापसाची शेवटची वेचणी चाललेली, ज्वारीच्या कणसात दूध भरलेलं. घराघरात शेगडीपेक्षा चुलीभोवतीच गर्दी. शाळेत पहिल्या तासाला आम्ही सगळ्या मुली हात काखेत धरून बसायचो आणि गुरुजींनी फळ्यावर बोलावलं की खडू बोटांत टिकायचा नाही.

आणि त्या थंडीत माझी माय चालायची.

ती कशी चालायची हे सांगणं अवघड आहे. गावात पुष्कळ बाया चालायच्या. रानात जायचं, विहिरीवर जायचं, बाजाराला जायचं, सगळं पायांवरच होतं. पण माझी माय, कौसाबाई, निघाली की ओट्यावरची माणसं मान वळवायची. डोक्यावर भाकरीची पाटी, कमरेला खोचलेला विळा, आणि पाय असे पडायचे, की जमिनीला नुसतं सांगून पुढं जातायत. शेजारची गिरजाकाकू म्हणायची, "कौसे, तुझ्या मागं काय लांडगा लागलाय का गं?" माय हसायची, पण थांबायची नाही. मी शाळेच्या आधी तिच्याबरोबर रानात जायची. बरोबर कसली, मागं. ती चालायची आणि मी पळायची. त्या वर्षापर्यंतचा मायचा चेहरा मला नीट आठवत नाही, तिच्या टाचा आठवतात. भेगाळलेल्या, धुळीनं पांढऱ्या झालेल्या. त्यांच्याकडं बघत मी वाट काढायची. मी दमून हाक मारली तर ती मागं न बघताच म्हणायची, "ये, ये. मागं बघाय लागलं की पाय अडकतेत."

बोलायची ती तेवढंच. एवढ्या वेगानं चालणाऱ्या माणसाला बोलायला वेळ कुठला?

आमच्या शाळेत खेळाला गाडेकर सर होते. उंच, काटक, सकाळी नदीपर्यंत पळून येणारे. गावातली म्हातारी माणसं त्यांना बघून म्हणायची, 'मास्तर रोज कुणाला शोधाय जातो कुणास ठाऊक.' त्या वर्षी सरांच्या डोक्यात आलं, की शाळेनं गावाला बोलवायचं. डॉक्टर येतील, तपासणी होईल, मोठ्या माणसांच्या स्पर्धा होतील, आणि हे सगळं करायचं मुलांनी.

"गावाला वाटतं शाळा म्हंजी पाढे," सर वर्गात म्हणाले. "यंदा गावाला कळू द्या, शाळा म्हंजी अजून काय काय असती ते."

मुलांनी कबड्डी घेतली, मांडव घेतला, डॉक्टरांच्या जेवणाची व्यवस्था घेतली. बायांचा विभाग नसीमकडं आणि माझ्याकडं आला. नसीम माझ्याच बाकावर बसायची. बुटकी, बोलायला फटकळ, आणि एकदा धरलं की न सोडणारी. शहरातून एक डॉक्टरबाई खास बायांसाठी येणार होत्या. आमचं काम एवढंच होतं, की बाया आणायच्या.

आम्हाला ते सोपं वाटलं होतं.

घरोघर फिरताना आमचं हसू हळूहळू कमी होत गेलं. एक म्हणाली, "आम्ही काय आजारी हाये का?" दुसरी म्हणाली, "आमचे हे म्हणतेत, डाक्टरला दाखवायसारखं काय झालंय तुला?" पळायच्या शर्यतीचं सांगितलं तर बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "लुगडं सावरू का पळू? आन् गावानं बघत बसायचं!" वजनाचं तर वेगळंच झालं. शाळेकडं काटा नव्हता म्हणून मुलांनी आडत दुकानातला पोती तोलायचा काटा आणून ठेवला होता, ते गावभर झालं होतं. एका म्हातारीनं आम्हाला दारातूनच हाकललं, "पोत्याच्या काट्यावर बायांला उभं करता व्हय गं?"

गिरजाकाकूकडंही गेलो. तिची कंबर रोज दुखायची. तिनं आम्हाला बसवलं, गूळ-शेंगदाणे दिले आणि शांतपणे सांगितलं, "पोरींनो, दुखतंय म्हणलं की सासू म्हणती काम टाळती. आता डाक्टरला सांगून अजून एक सासू कामून करायची?"

नसीमच्या घरी तिच्या अम्मीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आती मैं. मगर मर्दां खड़े रैंगे तो नक्को."

"मर्दां तर राहणारच अम्मी, मैदान आहे ते," नसीम म्हणाली.

"तो फिर नक्को."

दोन आठवड्यांत आम्हाला एकही बाई मिळाली नाही. हेडमास्तरांनी आम्हाला बोलावून घेतलं. ते मायाळूपणेच बोलले. डॉक्टरबाईंना उगाच हेलपाटा नको, त्यांना नका येऊ म्हणून कळवून टाकू, बायांचं पुढच्या वर्षी बघू. बाहेर आल्यावर नसीमचे डोळे भरले. ती कधी रडायची नाही. "पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी मी शाळेत असेन की नाही, कुणाला माहीत."

त्या संध्याकाळी माय भाकरी थापत होती. मी चुलीपुढं बसून सगळं सांगितलं. ती ऐकतेय की नाही तेही कळत नव्हतं. परातीत थापटण्याचा आवाज, तव्यावर पाणी फिरवल्याची वाफ. मग भाकरी उलटताना ती खालीच बघत म्हणाली, "पळाय नाय येत मला. चालायचं आसंल तं येते."

मी भाकरी तशीच टाकून नसीमच्या घरी पळाले.

चालण्याची शर्यत! सरांना सांगितलं तर त्यांनी टेबलावर हात मारला. कबड्डी शाळेच्या पुढच्या मैदानावर. गावातले सगळे पुरुष तिकडं. बायांची शर्यत शाळेच्या मागच्या दारापासून नदीच्या वाटेनं बाभळींपर्यंत आणि परत. तिकडं एकही पुरुष फिरकणार नाही, ती जबाबदारी सरांची. जी पळेल ती बाद. एवढाच नियम.

पण बायांना खरं आणलं ते मायनं. ती कधी कुणाला काही सांगायला गेली नव्हती. विहिरीवर घागर भरताना ती म्हणाली, आणि ते मी माझ्या कानानं ऐकलं, "चला गं. जल्मभर दुसऱ्याचं ओझं वाहिलं. आपलं सोताचं किती हाये, तेवढं तरी बघू."

बाया हसल्या. पण त्या हसण्यातून काहीतरी सैल झालं. गिरजाकाकू म्हणाली, "कौसा येती तं मी बी येते. तिच्या मागं धूळ खायला तरी कुणी पायजे."

त्या सकाळची थंडी मी अजून अंगावर ओळखीन. नळीतून बाहेर पडावी तशी प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघत होती. बाया येत होत्या. दोघी, चौघी, मग घोळका. कुणी ठेवणीतलं लुगडं नेसून, कुणी रानातूनच येऊन, हाताला कापसाचे ओरखडे. काट्यावर चढताना प्रत्येक बाई आधी डोळे मिटायची. "किती आली गं?" "सांगू नको, सांगू नको!" "सांग, पर हळू सांग." नसीमची अम्मी आली. मागच्या दाराशी आल्यावर तिनं इकडं तिकडं पाहिलं, पुरुष कुणी नाही अशी खात्री केली आणि बुरख्याचा पडदा मागं टाकला. मी तिला उन्हात पहिल्यांदा पाहत होते. तिच्या कपाळावर नसीमसारखीच आठी होती.

चपला काढून बाया ओळीत उभ्या राहिल्या. नसीमनं टाळी वाजवली.

पहिल्यांदा नुसता खिदळण्याचा आवाज. पदर दातात धरलेले, एकमेकींना कोपर मारणं, "ए, पळती का गं!" "नाय, चालतीच हाये!" मग हसणं हळूहळू विरलं. त्या वळणाकडं जाईपर्यंत कुणी बोलत नव्हतं. फक्त पायांचा आवाज येत होता. इतक्या बायांचे पाय एकदम चालताना मी त्याआधी लग्नाच्या वऱ्हाडात ऐकले होते, पण तेव्हा त्या कुणाच्या तरी मागं चालत होत्या. आज त्यांच्यापुढं कुणी नव्हतं.

मी दोरी धरून दाराशी थांबले होते. पुढच्या मैदानावरून कबड्डीचा गलका येत होता. बाभळींच्या वळणावरून पहिल्यांदा दिसलं ते मायचं हिरवं लुगडं. एकटीच. मागं बऱ्याच अंतरावर अम्मी आणि तिच्या खांद्याला खांदा लावून गिरजाकाकू, कंबर दुखणारी गिरजाकाकू. आणि माय येत होती. तेच पाय, जमिनीला सांगून पुढं जाणारे. मी समोरून तिला चालताना पहिल्यांदा बघत होते. आजवर मी तिच्या मागंच असायची ना. तिचा चेहरा चालताना असा असतो, हे मला माहीत नव्हतं. ती लहान मुलीसारखी दिसत होती. कुणीतरी सुटी दिल्यासारखी.

दोरी तिच्या पोटाला लागली. ती थांबली नाही. तशीच पुढं गेली, भिंतीला हात टेकला आणि वाकली. मी ओरडत, नाचत तिच्याकडं धावले. ती हसतेय असं मला वाटलं. तोंड उघडं होतं, खांदे हलत होते. पण हसण्याचा आवाज येत नव्हता. मी जवळ गेले तेव्हा तिचे ओठ जांभळट दिसले. तो दम होता. घशात अडकलेला, वर यायला वाट न मिळणारा दम. तिनं माझा हात धरला आणि खूण केली, ओरडू नको.

डॉक्टरबाई खिडकीतून बघत होत्या. वयानं तरुण, जाड भिंगांचा चष्मा. त्या स्वतः बाहेर आल्या, मायला धरून वर्गात नेलं, बाकावर बसवलं. त्यांनी नळी लावली. ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग मला म्हणाल्या, "खिडक्या लाव." मी खिडक्या लावल्या. कबड्डीचा गलका बारीक झाला. बाईंनी डोळे मिटले आणि त्या कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. माझ्या मायच्या छातीत एवढं ऐकण्यासारखं काय असेल, असं मला वाटत होतं.

"लहानपणी सांधे सुजायचे का? ताप यायचा?"

"सुजायचे की. गुडघे हे एवढाले व्हायचे," मायनं हातानं दाखवलं. "बिब्बा घातला व्हता. राहिले मंग."

"दम कधीपासून लागतो?"

"दम कुणाला लागत नाय बाई?"

"रात्री आडवं झोपता येतं?"

मायनं पदर सारखा केला. उत्तर मला येत होतं. माय धान्याच्या कणगीला टेकून, बसूनच झोपायची. मी जन्मल्यापासून तिला तशीच पाहत आले होते. मला वाटायचं, आया अशाच झोपतात.

बाईंनी समजावून सांगितलं. हृदयात एक झडप असते, दारासारखी. लहानपणीच्या त्या तापानं ती जाड झालीय, पुरती उघडत नाही. शहरात नेऊन तपासण्या करायला हव्यात. औषधं आहेत, इंजेक्शनं आहेत. पण आजपासून डोक्यावर ओझं नाही, चढ नाही, घाईचं चालणं नाही.

माय त्यांच्याकडं बघत राहिली. चेष्टा करतात की काय, असं बघत होती. मग म्हणाली, "मंग दिस कसा सरायचा, बाई?"

बाईंनी शहरातल्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

दुपारी बक्षिसं होती. पहिलं बक्षीस स्टीलची कळशी. माय पुढं गेली, कळशी घेतली आणि सवयीनं कमरेवर टेकवली. बायांनी टाळ्या वाजवल्या. आबा, माझे वडील, पुरुषांच्या घोळक्यात मागं उभे होते. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. मी त्यांना इतक्या जोरात टाळ्या वाजवताना कधी पाहिलं नव्हतं. आजूबाजूच्यांना ते सांगत होते, "आमची हाये ती. आमची."

त्यांच्या हातांचा तो आवाज थांबेपर्यंत मी त्यांना काही सांगितलं नाही. थांबल्यावर सांगितलं.

मग लाल एसटी, फुलंब्रीच्या फाट्यावरचा धुरकट चहा, आणि औरंगाबाद. आज मी राहते ते हेच शहर. तेव्हा ते मला मोठ्या दवाखान्याच्या लांबलचक पडवीएवढंच दिसलं. माय शहर पहिल्यांदाच बघत होती. कागदावर उमटलेल्या तिच्या हृदयाच्या रेघा बघून ती म्हणाली, "हे तं नांगरल्यावानी दिसतंय." डॉक्टरबाईंनी सांगितलं तेच तिथल्यांनी सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. ठराविक दिवसांनी इंजेक्शन. आणि जपून राहा.

आमच्या घरात त्या हिवाळ्यात सगळं बदललं. आबा पाणी भरायला लागले. गावातल्या पुरुषांनी आधी चेष्टा केली. आबा ती बक्षिसाची कळशी खांद्यावर घेऊन भर चावडीपुढून जायचे आणि कुणी हसलं की म्हणायचे, "बक्षिसाची हाये. वापराय पायजे का नको?" हळूहळू लोकांचं हसणं थांबलं. रानातलं काम मी आणि आबा करायचो. गिरजाकाकू तिचं काम उरकून आमच्याकडं यायची.

मायला ते सोसत नव्हतं. ज्वारीची सोंगणी आली तेव्हा तिला बैलगाडीतून रानात नेलं आणि बांधावर घोंगडी टाकून बसवलं. बाया ओळीनं कापत पुढं जात होत्या. माय बसल्या जागी मुठी आवळत होती, सोडत होती. जेवायला मी तिच्याजवळ गेले तर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या मेळाव्याच्या नादी लागले नसते, तं चालत असते आजून."

मी भाकरी हातात धरून बसले. खूप वर्षांनी एका डॉक्टरांनी मला सांगितलं, की त्या वर्षी कळलं नसतं तर ती फार दिवस चाललीच नसती, एखाद्या ओझ्याखालीच बसली असती. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मायलाही नव्हतं. आमच्या दोघींमध्ये त्या दुपारी फक्त कापणाऱ्या विळ्यांचा आवाज होता.

पण त्याच हिवाळ्यात, कधी ते मला नेमकं सांगता येणार नाही, माय बोलायला लागली.

संध्याकाळी आम्ही दोघी नदीपर्यंत जायचो. डॉक्टरांनी सावकाश तेवढं चालायला सांगितलं होतं. दहा पावलं, मग थांबायचं. मी तिच्या शेजारून चालत होते. शेजारून! मला सुरुवातीला पाय कसे टाकायचे तेच कळायचं नाही. मी सारखी पुढं जायची. आणि थांबल्या थांबल्या माय एखादी गोष्ट सांगायची. तिच्या माहेरची, देवगाव रंगारीची. पोलिस ॲक्शनच्या वर्षी हल्ल्यांच्या भीतीनं तिची आई तिला पोटात घेऊन दिवस दिवस ज्वारीत लपून बसायची, त्याची. "म्हून मला जल्मापासून पळायची घाई," ती म्हणायची. दोन वर्षं ती शाळेत गेली होती, ते मला तेव्हा कळलं. शाळेत पाढे म्हणताना ती सगळ्यांच्या पुढं जायची आणि गुरुजी म्हणायचे, थांब गं, बाकीच्यांना येऊ दे. गुडघे सुजले तेव्हा शाळा सुटली. गुडघे बरे झाले, शाळा राहून गेली. आबांना लग्नाआधी तिनं एकदा बाजारात चोरून पाहिलं होतं. माझ्याआधी एक मुलगी होती, चारच दिवस होती, तिच्या जावळाला कुरळं वळण होतं.

हे सगळं तिच्याजवळ होतं आणि मी इतकी वर्षं तिच्या टाचा बघत पळत होते.

आता मागं वळून पाहताना मी स्वतःलाच विचारते, की मला नेमकी कोणती माय हवी आहे. ती वाऱ्यासारखी चालणारी, गप्प, जिच्या मागं पळताना माझ्या छातीत कळ यायची? की ती नदीच्या वाटेवर दर दहा पावलांना थांबणारी, जिनं मला तिचं सगळं आयुष्य तुकड्यातुकड्यानं दिलं? दुसरी मिळाली ती पहिली गेली म्हणून. थंडी पडली की मला दोघी हव्या असतात. एकीला हाक मारावी तर दुसरी ओ देईल असं वाटतं.

मेळावा पुढच्या वर्षीही झाला. नसीम होती शाळेत, तिच्या अम्मीनं तिला ठेवली. हिवाळ्यात पहाटे नदीच्या वाटेनं चालत जायचं हे गावातल्या बायांनी सोडलंच नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी पुरुषांनी त्या वेळी ती वाट टाकली होती. नसीम आता कन्नडला असते. तिथल्या शाळेत शिक्षिका आहे, निवृत्त व्हायला आलीय. परवा त्या मुली येऊन गेल्यावर मी तिला फोन केला. ती म्हणाली, "अम्मी शेवटच्या वर्षापर्यंत जायची गं पहाटे. काठी घेऊन. मी म्हणायची, पडशील. तर म्हणायची, मेरेकू एक बार तो कौसा के आगे निकलना हय."

आम्ही दोघी फोनवर हसलो.

मायला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण जायच्या कितीतरी आधी, मी लग्न होऊन शहरात आल्यावर, तिचा त्रास वाढला तेव्हा आम्ही तिला मुंबईला नेलं. तोवर नवा इलाज निघाला होता. मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन फुग्यानं झडप उघडली. शुद्धीवर आल्यावर तिनं मोठा श्वास घेतला. मग अजून एक घेतला. माझ्याकडं बघून म्हणाली, "आगं, एवढी हवा व्हती व्हय हितं?"

त्या वर्षी मार्गशीर्षात मी पिशोरला गेले होते. पहाटेच तिनं मला हलवून उठवलं. "चल, रानात जाऊ."

"माय, डॉक्टर म्हणाले..."

"डाक्टर म्हणला चाल म्हून. मी इचारून घेतलंय."

आम्ही निघालो. धुकं होतं. गाडीवाट ओली होती. पहिला थोडा वेळ ती माझ्या शेजारून चालली. सवयीनं दोनदा थांबली, छातीवर हात ठेवून आत काही होतंय का ते बघितलं. काही होत नव्हतं. ती पुढं निघाली. तिचं वय झालं होतं, केस पांढरे झाले होते, पाठीला थोडा बाक आला होता. पण पाय जसजसे गरम झाले तसतसं आमच्यातलं अंतर वाढायला लागलं. मी शहरात बसून जड झालेली. मला दम लागला. मी थांबले.

वाटेच्या दोन्ही अंगांना डोक्यापेक्षा उंच तूर उभी होती, शेंगांनी लगडलेली. माय वळणावर पोचली. तिथं ती क्षणभर थांबली आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी हातानं खूण केली, जा, मी येते.

ती वळली आणि तुरीआड गेली. तिचा पदर दिसेना. नुसते तुरीचे शेंडे हलत होते, जिकडं ती चालली होती तिकडं, एकामागून एक. मला हाक मारता आली असती. मी मारली नाही. धुक्यात उभी राहून शेंडे हलायचे थांबेपर्यंत बघत राहिले.